तोफगोळ्यांची खोली

स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडून, पाण्याच्या आवाजाआड तिने बॉम्बनाशक पथकाला फोन लावला.

“आमच्या घरात तोफगोळा आहे. जिवंत असावा.”

“कशावरून म्हणता?”

नवऱ्याचं ऐकून ऐकून उत्तर तोंडपाठ होतं. “तांब्याच्या पट्ट्यावर खाचा उमटल्यात. पट्टा तोफेच्या नळीत रुततो, म्हणून गोळा फिरत बाहेर पडतो. म्हणजे हा डागलेला आहे. आणि टोकाचा, स्फोट घडवणारा फ्यूज शाबूत आहे. डागला, पण फुटला नाही.”

पलीकडचा माणूस सावध झाला. “कशाला हात लावू नका. निघालोच.”

तिने नळ बंद केला. नवऱ्याने छंदापायी खोलीभर तोफगोळे जमवले होते; सगळे पोकळ आहेत, असं तोच सांगायचा. पण त्या गोळ्यांनी तिचं घर गिळलं होतं. तो त्या खोलीतच जेवायचा, तिथेच झोपायचा. तिला झाडू घेऊनही आत जायची बंदी. शेजारीण चेष्टेने म्हणायची, “तुमची सवत पितळेची आहे.” जुन्या वस्तूंचा एक व्यापारी मूळ फ्यूजवाल्या गोळ्यांना दुप्पट भाव द्यायला तयार होता, त्याला नवऱ्याने उंबरठ्यावरूनच वाटेला लावलं. मुलगी बाळंत झाली, तर तो फोनवर एवढंच म्हणाला, “बाळाला इथे आणू नका.” तो घर सोडेना. गुडघे गेलेल्या माणसाला एकटं टाकून तिलाही जाता येईना. नातवाचा फोटो बघून तिचा जीव तीळतीळ तुटायचा.

आता पथक गोळे घेऊन गेलं की सुटलो, असा तिचा हिशेब होता.

पथक आलं. गल्ली रिकामी केली. नवरा आकांत करेल म्हणून तिने मन घट्ट केलं होतं. पण तो मुकाट्याने चपला घालून बाहेर आला. दोघं कोपऱ्यावरच्या बाकावर जाऊन बसली.

“ऊन छान पडलंय,” तो म्हणाला.

तिला हसूच फुटलं. “मुलीकडे जाऊ या?”

“जाऊ या.”

इतकं सोपं होतं तर! तिला आपल्या खोटेपणाची थोडी लाजच वाटली.

बऱ्याच वेळाने पथकाचा प्रमुख आला. अंगातला सदरा घामाने चिंब होता.

“बाई, तुम्ही सांगितलेला गोळा पोकळ आहे.”

तिने मान खाली घातली.

“पण त्याच्या मागचा भरलेला आहे. फ्यूज पार गंजलाय. नुसता धक्का लागला असता तरी घर उरलं नसतं. थोडक्यात वाचलात.”

तो परत वळला. तिने नवऱ्याचा हात धरला. “अहो, ऐकलंत? इतकी वर्षं आपण…”

“मला माहीत होतं,” तो म्हणाला. “म्हणून तर तिथून हलत नव्हतो.”

“मग मला सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं असतं, तर तू राहिली असतीस?”