पाकाची गोळी

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आबा नगरला लेकीच्या घरी आले. निकिताने जस्टिनशी लग्न केल्यापासून तीन वर्षं अबोला होता. नातीच्या बाप्तिस्म्यासाठी आले, पण या घरचं घोटभर पाणीही घेतलं नाही. स्वयंपाकघरात निकिता पहिल्यांदाच पेटिट फोर करत होती. एका घासाचे चौकोनी केक तयार होते. त्यांच्यावर ओतायचा पाक दोनदा बिघडला होता. तिसरा उकळत होता. “अगं, जाळतीस का काय? आच कमी कर!” मागून आवाज आला. चाळीस वर्षं बेलापूरच्या गुऱ्हाळात गूळ चाखून पारखलेले आबा दारात होते. पुढे येऊन त्यांनी थेंबभर पाक गार पाण्यात सोडला, बोटांनी वळला. मऊ गोळी झाली. निकिताने सांडशी उचलली. “उतरवू का, आबा?” “चाखल्याबिगर कसं सांगू?” ते सवयीने बोलून गेले आणि थबकले. पाक उकळतच होता. गोळी अजून चिमटीतच होती.