पाचव्या रांगेतला कागद

पाचव्या रांगेत प्रशिकची टोपली अडली. खाकी गणवेशातला प्रशिक हात पुढे करून उभा होता आणि खुर्चीतल्या सत्तरीच्या बाईंनी आपला कागद पदराखाली सरकवला होता.

आजवर असं झालं नव्हतं. नाटक त्याचंच; लिहिलेलंही आणि बसवलेलंही. सुरुवातीला प्रत्येक प्रेक्षकाच्या हातात एक कागद दिला जायचा. नाटकातल्या कवयित्रीचं, सरकारने बंदी घातलेलं गाणं त्यावर छापलेलं असायचं. मध्यावर सरकारचा अंमलदार, म्हणजे प्रशिक, रंगमंचावरून खाली उतरायचा आणि शांतपणे कागद परत मागायचा. लोक देऊन टाकायचे. नागपुरात सात, वर्ध्यात दोन, अमरावतीत दोन, असे अकरा प्रयोग झाले आणि एकही कागद मागे राहिला नाही. कोणी हसत टाकायचं, कोणी टोपलीसोबत फोटो काढून टाकायचं. अमरावतीत एका प्राध्यापकांनी तर शेजारच्या दोघांचेही गोळा करून दिले होते. मग अंमलदार वर जाऊन म्हणायचा की पाहा, काठी उगारावीही लागली नाही, आणि कवयित्रीला घेऊन जायचा. पडदा पडायचा. टाळ्या दणदणीत व्हायच्या.

त्या टाळ्यांनाच प्रशिक विटला होता. आपली माणसं अशीच, मान खाली घालणारी, असं तो प्रयोगानंतर चहा पिताना बोलायचा. नाटकांच्या संहिता तपासून परवानगी देणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाने आपली संहिता एक शब्दही न कापता मंजूर केली, हेही तो प्रत्येकाला सांगायचा. मंडळाकडे हिंमत आहे, लोकांकडे नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. आज मनीषनगरच्या या सभागृहातला बारावा प्रयोग शेवटचा, यानंतर नाटक बंद, असं त्याने सकाळीच मोनालीला सांगून टाकलं होतं. मोनाली कवयित्रीचं काम करायची. तिला अजून पन्नास प्रयोग करायचे होते. तसं ती म्हणालीही, पण त्याने ऐकून घेतलं नाही.

“कागद,” तो अंमलदाराच्या आवाजात पुन्हा म्हणाला.

“चष्मा घरीच राहिला बापा,” बाई म्हणाल्या. “वाचला नाही मी अजून. वाचल्याबिगर कसा देऊ?”

हशा पिकला. बाईंच्या, म्हणजे मनकर्णाबाईंच्या, शेजारी त्यांची सून श्वेता बसली होती. ती अवघडून खुर्चीत खाली सरकली आणि सासूच्या कानाशी लागली.

“आत्याबाई, नाटक हाये ते. देऊन टाका ना.”

“नाटक हाये म्हणूनच तं नाही म्हणून राहिली,” मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांना हळू बोलायची सवय नव्हती. “इथंबी नाही म्हणता येत नसन, तं कुठं म्हणू वं?”

हशा थांबला.

प्रशिकजवळ पुढचं वाक्य नव्हतं. मंजूर संहितेत अंमलदार इथून सहाव्या रांगेकडे जातो, एवढंच होतं. संहितेबाहेरचं बोललं तर तक्रार होऊ शकते, प्रयोगाची परवानगीच जाऊ शकते, हे नव्या नटांना तोच बजावायचा. एक कागद राहिला तर राहू द्यावा. कोणाच्या लक्षातही येणार नाही. त्याने सहाव्या रांगेकडे पाऊल टाकलं.

“साहेब,” मागून आवाज आला. दुसऱ्या रांगेतला एक टक्कल पडलेला माणूस उभा राहिला होता. “माझा परत द्या बरं. मी बी घाईघाईतच पाहिला.”

तिसऱ्या रांगेतल्या कॉलेजच्या मुलीने हात पुढे केला. तिच्या मैत्रिणीनेही केला. मग पहिल्या रांगेतून कोणीतरी म्हणालं की आमचे तर सगळ्यात आधी नेले, आम्हाला आधी द्या. बघता बघता पंधरा-वीस हात टोपलीच्या दिशेने आले. रंगमंचावर मोनाली आपली भूमिका विसरून हसत होती. तिला तोंड झाकता येत नव्हतं. अंमलदाराने तिचे हात बांधले होते.

प्रशिकने सहाव्या रांगेकडे पाठ फिरवली. टोपलीतला वरचा कागद उचलला आणि टक्कल पडलेल्या माणसाला दिला. दुसरा कॉलेजच्या मुलीला दिला. तिसरा तिच्या मैत्रिणीला दिला.

“सावकाश वाचा,” तो म्हणाला. आवाज आता अंमलदाराचा नव्हता. “मी थांबतो.”

विंगेत प्रॉम्प्टर गोविंदा मंडळाचा शिक्का असलेली प्रत मांडीवर घेऊन बसला होता. तो भराभर पानं उलटत होता. पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. शेवटी त्याने पडद्याआडून डोकं बाहेर काढलं.

“काय करून राहिला गा? हे संहितेत कुठं हाय?”

प्रशिकने त्याच्याकडे पाहिलं. मग सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “होतं गा, गोविंदा. लोक कागद परत मागतात, असा चार पानांचा प्रवेश होता. मंडळाकडं पाठवाच्या आधी मीच काढून टाकला. कोणी काढाले सांगितलं नव्हतं.”