बायडाबाईचा काळा चष्मा

डॉक्टरबाईंनी मालनबाईचा डावा डोळा तळहाताने झाकला आणि दुसऱ्या हाताचं एक बोट तिच्या उजव्या कानाशी नेऊन हलवलं. "आजी, माझ्या नाकाकडे बघत राहा. बोट दिसलं की सांगा."

"दाखवा की," मालनबाई म्हणाली.

मागे स्टुलावर बसलेल्या तिच्या नवऱ्याला, चिमाजीला, ते बोट लख्ख दिसत होतं. हलत होतं, थांबत होतं, पुन्हा हलत होतं. अगं ते काय, असं ओरडून सांगावं असं त्याला झालं. बोट हळूहळू पुढे सरकलं, पार तिच्या नाकासमोर आलं, तेव्हा कुठे ती म्हणाली, "हां, हे काय बोट!" आणि पहिला नंबर आल्यासारखी हसली.



मग उजवा डोळा झाकला. या खेपेला बोट नाकासमोर येऊन थांबलं, तरी मालनबाई वाटच बघत होती.

तिच्या पायाशी पिशवी होती. पिशवीत दोन पातळं, टॉवेल आणि बायडाबाईकडून मागून आणलेला काळा चष्मा. शेजारच्या बायडाबाईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तो चष्मा गल्लीत आला, आणि तेव्हापासून ज्याच्या डोळ्याचं ऑपरेशन, त्याच्या नाकावर तो बसायचा. सकाळी निफाडहून नाशिकला निघताना मालनबाईने सुनेला बजावलं होतं, "येताना मला कुणी धरायचं नाय. माझी मी चालत घरात येईन."

डॉक्टरबाईंनी डोळ्यांत थेंब घातले, यंत्राला हनुवटी टेकवायला लावली, दाब मोजला. आत उजेड टाकून बराच वेळ बघत राहिल्या. मग खुर्ची मागे सरकवून त्यांनी चिमाजीला विचारलं, "कधीपासून आहे हे?"

"झाली असतील दोन-तीन सालं. उंबऱ्याला ठेचकाळायची, दारात उभ्या ट्रॅक्टरला धडकायची. पण सुईत दोरा बराबर ओवायची. आम्ही म्हणायचो, ध्यान नाय हिचं."

"डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं नाही?"

"दाखवलं ना. आमच्या तिकडंच. दरसाल नवा चष्मा दिला त्यांनी."

"चष्म्याच्या दुकानात?"

चिमाजी जरा घुटमळला. "पांढरा कोट होता त्यांना."

"बाबा, ते चष्म्याचा नंबर काढून देतात. त्यांचं काम तेवढंच. डोळ्याचा आतला दाब मोजायचा, मागची नस बघायची, ती सुकत असेल तर वेळेवर थांबवायची, हे आमचं काम." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण चिमाजीला तो चढल्यासारखा वाटला.

"मोतीबिंदूच हाय ना?" तो घाईने म्हणाला. "आम्ही पिकायची वाट बघत होतो. आता पिकला असंल. काढून टाका."

द्राक्षाच्या बागेत चिमाजीचा शब्द शेवटचा. व्यापारी दारात गाडी लावून बसला तरी हा माणूस मणी दोन बोटांत धरायचा, तोंडात टाकायचा आणि 'कच्चा हाय' म्हणून मान हलवायचा. मग काही केल्या घडाला कात्री लागत नसे. बायकोच्या डोळ्यालाही त्याने तोच न्याय लावला होता. 'नाशिकला नेऊन दाखवू', असं थोरला अमोल वर्षभर म्हणत होता. "कच्चा काढला तर डोळा जाईल," असं चिमाजीने त्याला ठणकावलं. बागेत बापाचं कधी चुकलं नव्हतं, म्हणून अमोलही गप्प बसला.

"मोतीबिंदूसुद्धा हल्ली पिकू देत नाहीत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि हा मोतीबिंदू नाहीच. काचबिंदू आहे. डावा डोळा गेलाय. उजव्यात मधलं तेवढं उरलंय, नळीतून बघावं तसं. थेंब लिहून देते, ते जन्मभर घालायचे. उरलंय ते टिकवायचा प्रयत्न करू."

"आन् गेलेलं?"

"ते येत नाही. ऑपरेशन केलं तरी येत नाही."

मालनबाई इतका वेळ हात मांडीवर ठेवून ऐकत होती. तिने एकच विचारलं. "म्हंजी आज मला इथं राहायचं नाय?"

"नाही, आजी. घरी जा."

बाहेर येऊन दोघं बाकावर बसली. चिमाजी रोजच्या सवयीने तिच्या डाव्या हाताला बसला. समोर नंबर पुकारले जात होते, माणसं उठून आत जात होती. 

मालनबाईने मान वळवून उजवीकडे बघितलं. मग त्या बाजूचा मोकळा बाक हाताने चाचपला. "अहो? कुठं गेले तुम्ही?"

तो तिच्या डाव्या कोपराशीच बसला होता. रोज असाच बसायचा. तो उठला आणि तिच्यासमोर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत, फरशीवर उकिडवा बसला.

"थोडं अलीकडं सरका," ती म्हणाली. "हां. दिसले."

"मालन, मी..." चिमाजी म्हणाला.

तिने पिशवी मांडीवर घेतली, पातळांच्या घडीत हात घालून काळा चष्मा काढला. त्याच्या काचा पदराने पुसल्या आणि तो त्याच्या हातात दिला.

"बायडाला देऊन टाका," ती म्हणाली. "ती विचारील, काय झालं. तिला सांगा, अजून पिकला नाय."