वाकेल तेवढाच

धाकटीचा हात लवकर वाकला, तर सगळ्यात मोठा फायदा थोरलीचा होता. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना उचलणं, कुशीवर वळवणं, पुसणं ही धाकटीची कामं. तिचं कोपर मोडलं, ऑपरेशन होऊन आत धातूची पट्टी बसली, आणि ती सगळी कामं थोरलीच्या गळ्यात पडली. फायदा सासूबाईंचाही होता. थोरली त्यांना पोतं उलथावं तशी वळवायची.

व्यायाम शिकवायला आलेल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी बजावलं होतं, "तिचा तिला वाकेल तेवढाच. दुसऱ्यानं ओढायचा नाही, चोळायचा नाही."

"त्या बाईचं काय जातंय?" ती गेल्यावर थोरली म्हणाली. "तिला कुठं कुणाला उचलायचंय?"

रोज सकाळी ती धाकटीला सासूबाईंच्या पलंगाशी बसवायची, दंड गुडघ्याखाली दाबायची आणि मनगट धरून वर रेटायची.

"जाऊबाई, सोडा हो! आत काहीतरी फाटतंय!"

"फाटायला काय ब्लाउज आहे?"

पलंगावरून सासूबाई सांगायच्या, "अजून दोन बोटं रेट गं. रडतेय म्हणून थांबू नकोस." लग्न होऊन आल्यापासून थोरलीचं आणि त्यांचं एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीत.

दोन महिन्यांनी कोपर काटकोनात अडकलं, ते अडकलंच. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. सांध्यापुढच्या मांसात एक पांढरा तुकडा होता, अंगठ्याएवढा.

"स्नायूत हाड वाढलंय. जोरानं कुणी ओढत होतं का?"

धाकटीनं थोरलीकडे पाहिलं.

"हिलाच घाई," थोरली म्हणाली. "सांगून सांगून थकले मी."

"वर्षभर तरी याला हात लावता येणार नाही. मग ऑपरेशनचं बघू. वजन उचलणं विसरा."

घरी येऊन थोरलीनं आदळआपट केली नाही. ताटं वाढता वाढता नवऱ्याला आणि दिराला फक्त एवढंच म्हणाली, "मला कंबर एकच आहे." दोघं भाऊ खाली मान घालून जेवले. आठवड्याच्या आत वृद्धाश्रमातली खाट ठरली.

गाडी दारात लागली. दोन माणसांनी सासूबाईंना स्ट्रेचरवर घेतलं. पाय उघडे पडले म्हणून धाकटी डाव्या हातानं चादर ओढायला गेली. सासूबाईंनी तो हात झटकला.

"तुझ्यापायी चाललेय मी. जरा कळ सोसली असतीस तर?"

थोरली कपड्यांची पिशवी ठेवायला पुढं आली. तिच्या गालावरून हात फिरवत सासूबाई म्हणाल्या, "हिनं बिचारीनं मात्र एक दिवस चुकवला नाही."