रविवारचे निमंत्रण

वयाच्या बहात्तराव्या वर्षी मी कीटकांची ओळख शिकू लागले, ती मोबाइलवरच्या हौशी निरीक्षकांच्या एका समूहात. गच्चीवरच्या कुंड्यांवर येणाऱ्या प्रत्येक किड्याचे छायाचित्र मी तेथे टाकत असे, आणि ‘रानजाई’ असे टोपणनाव घेतलेल्या कोणी बाई माझी चूक स्पष्ट शब्दांत दाखवून देत. ‘ही मधमाशी नव्हे. पंख मोजा. मधमाशीला चार असतात, हिला दोनच आहेत. ही मधमाशीसारखी दिसणारी माशी आहे.’ माझा शब्द खोडण्याची आमच्या भवानी पेठेतल्या घरात कोणाची प्राज्ञा नाही. या बाईंचे मात्र मी वर्षभर मुकाट्याने ऐकले.

अखेर त्यांना घरी बोलावून मान द्यावा, असे मी ठरवले. सुनेला सांगितले, “सोनाली, रविवारी शेंगापोळ्या कर. माझ्या गुरू जेवायला येतील. तू वाढायला थांब, आणि आमच्या बोलण्यात मध्ये पडू नकोस. त्यातलं तुला काही कळायचं नाही.”

“बरं, आत्या,” म्हणून ती आत गेली.

मी बाईंना निमंत्रण लिहिले आणि आपण कोणत्या महाविद्यालयात शिकवता, असेही विचारले. उत्तर लगेच आले.

‘शिकवत नाही. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असताना लग्न झाले. परीक्षेला बसू द्या म्हणून सासूबाईंच्या पाया पडले होते. त्या म्हणाल्या, किडे मोजून संसार होत नसतो. रविवारी आमच्याकडे शेंगापोळ्यांचा बेत आहे. मला पंगतीला बसता येणार नाही.’