चुकवलेलं पाऊल

आयरिश नृत्याची शेवटची, बारावी परीक्षा होती. ब्लॉनिद पास झाली की आई गावातला आपला नृत्यवर्ग तिच्या हाती सोपवणार होती. दोघींच्या नावांची पाटीसुद्धा रंगवून तयार होती. ब्लॉनिदला मात्र गॉलवेला जाऊन होड्या बांधायला शिकायचं होतं. आईला तोंडावर नाही म्हणणं जमेना, म्हणून तिने नापास व्हायचं ठरवलं. परीक्षकबाईंसमोर, या नृत्याच्या रीतीप्रमाणे हात अंगालगत घट्ट धरून ती नाचू लागली. मध्येच तिने मुद्दाम पाऊल चुकवलं. पण लहानपणापासून तिला साथ करणाऱ्या फिंटनकाकांनी अकॉर्डियनवरचा सूर किंचित लांबवला आणि तिला अलगद तालात ओढून घेतलं. परीक्षकबाईंना पत्ताही लागला नाही. निकाल ऐकून आईने रडतच तिला मिठी मारली. काका जवळ येऊन कुजबुजले, “घाबरलीस ना, पोरी? मी असताना तुला पडू देईन होय?” “थँक्यू, काका,” ती कसंबसं म्हणाली.