शर्टावरचं स्टिकर

माझा नवरा वेंडेल तरुणपणी गाडी चोरली म्हणून तुरुंगात गेला, शिक्षा भोगून सुटला. आमच्या राज्यात शिक्षेबरोबर मताचा हक्कही जायचा; तो परत देणं निवडून आलेल्या गव्हर्नरच्या हातात, आणि याला तो कधी मिळाला नाही. दर निवडणुकीला मी मतदान केंद्रात जाऊन मत द्यायचे आणि हा बाहेर गाडीत बसून गव्हर्नरला शिव्या घालायचा. तिथे मिळणारं ‘मी मतदान केलं’चं स्टिकर मी त्याच्याच शर्टावर चिकटवायचे. आजही चिकटवलं. संध्याकाळी त्याच्या सलूनमध्ये सगळे तोंड पाडून टीव्हीसमोर बसलेले. गव्हर्नरपदाचा आमचा उमेदवार आपटला होता. तेवढ्यात त्याच मतपत्रिकेवर जनतेला विचारलेल्या प्रश्नाचा निकाल आला: शिक्षा भोगलेल्यांना मताचा हक्क परत द्यायला राज्याने हो म्हटलं! खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी नाचायला लागलं. वेंडेलने वस्तरा बाजूला ठेवला. मी त्याच्या शर्टावरचं स्टिकर उपटून माझ्या कोटावर लावलं. “अगं, ते माझं!” “तुझं पुढच्या वेळी रांगेत उभं राहून आण!”